नोकरी सोडल्यावर कंपनीचा आरोग्य विमा पुढे कसा चालू ठेवावा?

उद्यमनगरकर
नमस्कार. गेली अनेक वर्षे मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत गुणवत्ता विभागात काम करतो. येत्या महिनाअखेरीस राजीनामा देऊन शिवाजी उद्यमनगरमध्ये एका नातेवाइकाच्या भागीदारीत मशीन शॉप सुरू करण्याचे ठरले आहे. कामाची काळजी नाही, पण घरच्या आरोग्य विम्याचा प्रश्न सुटत नाही.

कंपनीने आम्हा सर्वांचा गट विमा काढलेला आहे. विमा रक्कम कुटुंबाला मिळून तीन लाख आहे. त्यात मी (वय ४७), पत्नी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि बहात्तर वर्षांची आई असे चौघे आहोत. आईसाठीचा जादा हप्ता माझ्या पगारातून कापला जातो. पत्नीला मधुमेह आहे आणि आईला रक्तदाबाचा त्रास आहे. सलग पाच वर्षांहून अधिक काळ आमची नावे या विम्यात आहेत.

एचआरमध्ये विचारले, तेव्हा "शेवटच्या दिवशी कार्ड बंद होईल, पुढचे तुमचे तुम्ही बघा" असे सांगण्यात आले. एका एजंटने नवी पॉलिसी सुचवली, पण तिच्यात पत्नीच्या मधुमेहाशी संबंधित उपचारांना तीन वर्षे थांबावे लागेल, असे दिसते. इतकी वर्षे विम्यात राहूनही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार असेल, तर ते मला पटत नाही. आमच्यासारख्यांसाठी काही मार्ग आहे का, हे कृपया जाणकारांनी सांगावे. माझ्या विभागातील काही कामगारही याच सुमारास नोकरी सोडत आहेत. त्यांना ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा लागू आहे, त्यांच्यासाठीही माहिती हवी आहे.

क्लेम-डेस्क
दादा, आपण राजीनाम्याच्या आधी विचारले, हे फार बरे झाले. मी काही वर्षे रुग्णालयांच्या विमा कक्षात आणि नंतर एका टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, काम केले आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे नोकरी सुटून दोन-तीन महिने झाल्यावर येत, आणि तोवर हातातला मुख्य हक्क गेलेला असे.

तो हक्क म्हणजे मायग्रेशन. विमा नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे आयआरडीएआयच्या नियमांनुसार गट विम्यातील सदस्याला आणि त्यात नाव असलेल्या त्याच्या कुटुंबीयांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सर्व कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या) पॉलिसीत जाता येते. गट विम्यात सलग काढलेला काळ तेव्हा नव्या पॉलिसीच्या प्रतीक्षा काळातून वजा होतो. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ च्या नियमांनी जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला आहे, पूर्वी तो ४८ महिने असे. आपला सलग काळ पाच वर्षांहून अधिक आहे. म्हणजे वहिनींच्या मधुमेहासाठीचा प्रतीक्षा काळ तीन लाखांच्या मर्यादेपर्यंत संपलेला धरला जायला हवा. आपण नव्या पॉलिसीत विमा रक्कम दहा लाख घेतलीत, तर वरच्या सात लाखांना मात्र प्रतीक्षा काळ नव्याने लागेल. हा भेद एजंट सहसा सांगत नाहीत.

दुसरा लाभ मोरॅटोरियमचा आहे. सलग ६० महिने विमा राहिल्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, "तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता" या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. मायग्रेशनमध्ये हा काळही पुढे धरला जातो. नवी पॉलिसी घेतलीत, तर ही साठ महिन्यांची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणूनच कार्ड बंद होण्यापेक्षा सलगता तुटण्याने माणसाचे मोठे नुकसान होते. कार्ड नवे मिळते, गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

आता काय करायचे ते सांगते. नोकरीचा शेवटचा दिवस येण्यापूर्वी, म्हणजे आपले नाव गट विम्याच्या यादीत असतानाच, विमा कंपनीकडे मायग्रेशनचा लेखी अर्ज द्यावा. अर्ज एचआरमार्फत न देता थेट विमा कंपनीच्या शाखेत आणि ईमेलनेही द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. नोकरी सुटल्यावरही काही दिवस अर्ज घेण्याची सोय काही गट पॉलिसींत असते, पण आपल्या पॉलिसीत ती आहे असे गृहीत धरू नये. वैयक्तिक पॉलिसीच्या नूतनीकरणाला जी ३० दिवसांची सवलत मिळते, तिचा यादीतून वगळलेल्या गट सदस्याशी काही संबंध नसतो. लोक या दोन्हींची गल्लत करतात.

एचआरकडून कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्र घ्या. त्यात चौघांची नावे, प्रत्येकाचा सदस्य क्रमांक, विम्यात नाव दाखल झाल्याची तारीख आणि प्रत्येक वर्षाची विमा कंपनी, पॉलिसी क्रमांक व विमा रक्कम असावी. कारखाने दरवर्षी कोटेशन मागवून विमा कंपनी बदलतात. आपल्या पाच वर्षांत दोन कंपन्या झाल्या असतील, तर आधीच्या वर्षांचा पुरावा आपल्यालाच द्यावा लागेल. जुनी ई-कार्डे ईमेलमध्ये शोधून ठेवा. प्रत्येक कार्डावर पॉलिसीचा कालावधी छापलेला असतो आणि तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

हप्ता मात्र वाढेल, याची तयारी ठेवावी. गट विम्यात सर्व वयांचा हप्ता एकत्र ठरतो, वैयक्तिक पॉलिसीत तो आपल्या वयावर ठरतो. कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते आणि मधुमेहापोटी जादा हप्ताही लावू शकते. आईंना फ्लोटरमध्ये घेऊ नका, कारण फ्लोटरचा हप्ता सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो. त्यांची पॉलिसी वेगळी काढावी.

राजारामपुरी
ताई, माहिती उत्तम आहे, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे. गट विमा देणारी कंपनी आपल्या मालकाने निवडलेली असते. तिची वैयक्तिक पॉलिसी महाग असू शकते, खोलीभाड्यावर मर्यादा असू शकते किंवा आपल्या भागातील रुग्णालये तिच्या कॅशलेस यादीत नसतील. पुढची वीस वर्षे जिच्याशी संबंध ठेवायचा, ती कंपनी केवळ सलगतेसाठी पत्करणे योग्य वाटत नाही. सरळ चांगल्या कंपनीची पॉलिसी घ्यावी आणि तीन वर्षे सांभाळून काढावीत, असे मला वाटते.

क्लेम-डेस्क
आपला मुद्दा निरोगी, तरुण माणसासाठी योग्य आहे आणि तिशीतल्या कोणी विचारले असते, तर मीही कदाचित हेच सांगितले असते. परंतु घरात मधुमेह असताना "तीन वर्षे सांभाळून काढावीत" हे आपल्या हातात नसते. मधुमेहाच्या रुग्णाला पायाची जखम चिघळून किंवा मूत्रपिंडाच्या तक्रारीने दाखल व्हावे लागले, तर प्रतीक्षा काळात असा दावा मूळ आजाराशी जोडून नाकारला जातो.

शिवाय ही कंपनी कायमची पत्करावी लागत नाही. आधी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत यावे, एक वर्ष काढावे आणि नूतनीकरणाच्या वेळी पोर्टिंग करून हव्या त्या कंपनीत जावे. पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी किमान ४५ दिवस द्यावा लागतो आणि जमलेला प्रतीक्षा काळ तेव्हाही सोबत येतो. नवी कंपनी आरोग्य पाहून पोर्टिंगचा अर्ज नाकारू शकते, ही शक्यता आहे, पण तेव्हा जुनी पॉलिसी हातात असते. आपण ज्या खोलीभाड्याच्या मर्यादेबद्दल लिहिले आहे, ते मात्र उद्यमनगरकर दादांनी आवर्जून पाहावे. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत खोलीभाड्यातील फरकाबरोबर बिलातील इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात.

फुलेवाडी-रिंगरोड
माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत जे घडले, ते इथे लिहितो, म्हणजे इतरांना अंदाज येईल.

तो गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात होता. पुण्यात दुसरी नोकरी ठरली होती, पण रुजू होण्यापूर्वी दीड महिन्याची मोकळीक होती. एचआरमधील व्यक्तीने त्याला तोंडी सांगितले की, विम्याचा हप्ता वर्षाचा भरलेला असल्याने कार्ड मार्चपर्यंत चालेल. या मधल्या काळात त्याला पित्ताशयातील खड्यांचा त्रास होऊन इथल्या एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करावी लागली. दाखल करताना कार्ड दिले. काउंटरवरच्या मुलीने क्रमांक घातला आणि "हे सदस्य यादीतून वगळलेले आहेत" असे पडद्यावर आलेले आम्हाला दाखवले. वगळल्याची तारीख त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाचीच होती. कारखान्याने त्याचे नाव काढून उरलेल्या महिन्यांचा हप्ता विमा कंपनीकडून परत घेतला होता. सगळे बिल आम्हाला घरातून भरावे लागले. नंतर ईमेलने विचारणा केली, तेव्हा त्याच एचआरने करारातील कलम पाठवले की, नोकरी संपताच विमा संपतो.

म्हणून माझी विनंती आहे की, विमा नेमक्या कोणत्या तारखेला संपणार, हे ईमेलनेच विचारावे आणि उत्तरही ईमेलनेच घ्यावे. नवी नोकरी ठरलेली असली, तरी मधल्या काळासाठी घरच्यांची एक स्वतंत्र पॉलिसी आधीपासून असलेली बरी. आता आमच्या घरात प्रत्येकाची अशी पॉलिसी आहे आणि कारखान्याचा विमा आम्ही वरचा आधार म्हणून धरतो.

उद्यमनगरकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. फुलेवाडीकर दादा, आपल्या भावाच्या बाबतीत घडले ते वाचून वाईट वाटले. मी आजच एचआरला ईमेल पाठवला. विमा कंपनीच्या शाखेत जाऊन मायग्रेशनबद्दल विचारले, तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने प्रथम "नवीन पॉलिसीचा फॉर्म भरा" असेच सांगितले. "मला गट विम्यातून मायग्रेशन हवे आहे आणि तसा अर्ज घेऊन पोच द्या" असे मी लिहून दिल्यावर त्यांनी आतल्या साहेबांना बोलावले आणि वेगळा अर्ज दिला. आमच्या पाच वर्षांपैकी पहिली दोन वर्षे दुसऱ्या विमा कंपनीकडे होती, असेही आता समजले. ती कार्डे शोधतो आहे. कामगारांच्या ईएसआयविषयी कोणी सांगू शकेल का?

कागल-फाइव्हस्टार
मी कागल पंचतारांकित वसाहतीतील कारखान्यांची ईएसआय आणि भविष्यनिर्वाह निधीची कामे पाहतो, म्हणून यावर लिहितो.

ज्यांचा मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांना ईएसआय लागू होते. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. नोकरी सुटली की ईएसआय त्याच दिवशी संपले, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. ईएसआयमध्ये वर्गणीचा काळ आणि लाभाचा काळ वेगवेगळा असतो. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळातील वर्गणीवर पुढच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात लाभ मिळतो. १ ऑक्टोबर ते ३१ मार्चच्या वर्गणीवर १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात मिळतो. त्या त्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा झालेली असावी लागते.

उदाहरण देतो. एखाद्या कामगाराने अनेक वर्षे सलग काम करून ३१ ऑगस्टला नोकरी सोडली. मागच्या ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी पूर्ण असल्याने डिसेंबरअखेरपर्यंत त्याला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. एप्रिल ते ऑगस्ट या महिन्यांत त्याचे ७८ दिवस सहज भरलेले असतात, त्यामुळे जानेवारी ते जूनचा लाभही मिळतो. म्हणजे नोकरी सुटल्यावरही दहा महिने तो ईएसआयच्या दवाखान्यात जाऊ शकतो. हे माहीत नसल्यामुळे माणसे कर्ज काढून खासगी रुग्णालयात पैसे भरतात, आणि ते पाहून जीव तुटतो. दवाखान्यात "तुमची नोकरी सुटली आहे" म्हणून कोणी परत पाठवू लागले, तर ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाने लॉगिन करून वर्गणीचा आणि पात्रतेचा तपशील दाखवावा.

वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्या किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्या कामगाराची किमान पाच वर्षे ईएसआयमध्ये झालेली असतील, तर वर्षाला अवघे १२० रुपये भरून त्याला आणि त्याच्या पत्नीला उपचार चालू ठेवता येतात. कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना या दोन्हींच्या अटी तपासाव्यात. त्यांत बेरोजगारी भत्त्याबरोबर उपचारांचीही तरतूद आहे. इथे दादांच्या कामगारांसाठी एक सूचना आहे. मालक "राजीनामा लिहून द्या, हिशोब लवकर करतो" असे म्हणत असेल आणि प्रत्यक्षात कपात चालू असेल, तर सही करण्यापूर्वी विचार करावा. कागदावर राजीनामा असला, की कपातीचे लाभ मागणे अवघड होते.

दसरा-चौक
मी रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून, म्हणजे शासकीय आरोग्य योजनेच्या रुग्णांना मदत करण्याचे, काम केलेले आहे. आईंच्या वयाचा उल्लेख वाचला, म्हणून लिहिते.

काकूंचे वय सत्तरच्या वर आहे, त्यामुळे त्यांना आयुष्मान भारत या सरकारी योजनेचे वय वंदना कार्ड मिळेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सोय सुरू झाली. तिला उत्पन्नाची अट नाही, आधारवरील वय पाहिले जाते आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत मिळतात. आधीच्या आजारांना प्रतीक्षा काळ नसतो. खासगी विमा असला, तरी हे कार्ड काढता येते. त्यामुळे काकूंची वेगळी पॉलिसी परवडली नाही, तरी त्या उघड्यावर पडणार नाहीत. फक्त आपल्याला सोयीचे रुग्णालय या योजनेच्या यादीत आहे का, हे आजारपण येण्यापूर्वी पाहून ठेवावे.

बाकीच्या कुटुंबासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डापुरती होती. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली असून, त्यात पांढरे रेशनकार्डही आले. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. आपल्या सीपीआर रुग्णालयात आणि शहरातील योजनेत असलेल्या खासगी रुग्णालयांत आरोग्यमित्राचा कक्ष असतो, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावे.

ही योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. हृदय, कर्करोग, मूत्रपिंड, अपघात अशा मोठ्या उपचारांना ती फार उपयोगी पडते. पण साध्या तापासाठी दोन दिवस सलाईन लावून ठेवले, तर तो खर्च यादीत बसेलच असे नाही. त्यामुळे पॉलिसी बंद करून केवळ हिच्यावर विसंबू नये, असे मी सर्वांना सांगते. रेशनकार्डावर सुनेचे किंवा मुलांचे नाव चढवलेले नसणे, ही आमच्याकडे सर्वाधिक येणारी अडचण आहे. त्यातच रुग्णाला दाखल करताना नातेवाइकांची धावपळ होते. पुरवठा कार्यालयातून नावे आजच दुरुस्त करून घ्यावीत.

उद्यमनगरकर
ताई, काकूंचे म्हणजे आमच्या आईचे कार्ड काढण्यासाठी रविवारी जातो. रेशनकार्डावर मुलीचे नाव आहे, पण त्यात तिच्या जन्माचे वर्ष चुकले आहे, तेही दुरुस्त करून घेतो.

मायग्रेशनच्या पॉलिसीचा आकडा आला आहे. आम्हा तिघांसाठी तीन लाखांचा हप्ता मी धरला होता, त्यापेक्षा जास्त आहे. दहा लाखांचा तर पहिल्या वर्षी धंद्यातून काढणे अवघड वाटते. एजंट म्हणतो की, प्रपोजल फॉर्ममध्ये मधुमेहाच्या रकान्यात "नाही" लिहिले, तर हप्ता कमी बसेल, पाच वर्षे झालेली असल्याने कोणी विचारणार नाही. हे मला योग्य वाटत नाही, परंतु हप्ता कमी करण्याचा दुसरा काही मार्ग आहे का?

क्लेम-डेस्क
दादा, त्या एजंटकडून फॉर्म परत घ्या आणि स्वतःच्या हाताने भरा. मोरॅटोरियमचे संरक्षण फसवणुकीला मिळत नाही. सही आपली असते, त्यामुळे खोटी माहितीही आपलीच ठरते. मधुमेह कधीपासून आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि शेवटच्या तपासणीतील साखरेची तीन महिन्यांची सरासरी किती होती, हे सर्व लिहा आणि अहवालाची प्रत जोडा. साखर नियंत्रणात असल्याचे दिसले, तर जादा हप्ता कमी लागण्याची शक्यताही असते.

हप्त्यासाठी असे करता येईल. मायग्रेशनची पॉलिसी तीन लाखांचीच ठेवा, कारण जमलेल्या काळाचा लाभ तेवढ्यालाच आहे. तिच्यावर तीन लाखांची वजावट असलेली सुपर टॉप-अप पॉलिसी घ्या. वर्षभरातील एकूण खर्च तीन लाखांच्या पुढे गेला की ती लागू होते आणि तिचा हप्ता दहा लाखांच्या मूळ पॉलिसीपेक्षा पुष्कळ कमी असतो. नुसता "टॉप-अप" घेऊ नका. त्यात वजावट साधारणपणे प्रत्येक वेळी दाखल होताना वेगळी मोजली जाते. सुपर टॉप-अपमध्ये मधुमेहाचा प्रतीक्षा काळ नव्याने लागेल, पण वरच्या सात लाखांचा तो तसाही लागणारच होता.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालेला आहे. आलेल्या आकड्यात कर लावलेला नाही ना, ते पाहा. आपण प्राप्तिकराची जुनी पद्धत ठेवणार असाल, तर कलम ८०डी खाली आपल्या कुटुंबाच्या हप्त्याची २५,००० रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ आईच्या हप्त्याची ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. हप्ता रोखीने भरू नये, तशी वजावट मिळत नाही.

पॉलिसी हातात आल्यावर शेड्यूलचे पहिले पान नीट वाचा. नव्या पॉलिसीची सुरुवात जुन्या विम्याच्या शेवटच्या दिवसाला लागून आहे का, तिघांच्याही नावापुढे सलग विम्याची मूळ तारीख छापली आहे का आणि आधीच्या कंपनीकडची दोन वर्षे त्यात धरली आहेत का, हे तपासा. तारीख चुकली असेल, तर लगेच ईमेल करून दुरुस्ती मागा. पॉलिसी पसंत पडली नाही, तर ३० दिवसांत परत करता येते, पण या ठिकाणी तो मार्ग घेऊ नका, कारण सलगता त्यातच तुटेल. कंपनीने दुरुस्ती नाकारली, किंवा तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहून महिनाभर उत्तर आले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ती ऑनलाइन पाठवता येते.

उद्यमनगरकर
फॉर्म मीच भरला आणि पत्नीचे अहवाल जोडून शाखेत दिला, पोच मिळाली. एचआरचे पत्रही आले, त्यात दोन्ही विमा कंपन्यांचे पॉलिसी क्रमांक आहेत. ईएसआयच्या तारखा मी कागदावर उतरवून आमच्या विभागातल्या कामगारांना वाचून दाखवल्या. त्यांतल्या दोघांचे राजीनामे अजून दिलेले नाहीत, ते कागलच्या दादांशी बोलू इच्छितात. दादा, आपली हरकत नसेल, तर मी त्यांना व्यक्तिगत निरोपातून आपल्याकडे पाठवतो.

कागल-फाइव्हस्टार
जरूर पाठवा. येताना दोघांनी ईएसआयचा विमा क्रमांक आणि शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणाव्यात, आणि तोवर कशावरही सही करू नये.